शेवटच्या पानांचा चोर

१

खुनी कोण ते कळायला एकच पान उरलं होतं, आणि नेमकं तेच पान पुस्तकात नव्हतं.

टीसीआजीनं चष्मा पुसला. पुस्तक उलटं धरून झटकलं. त्यातून बसचं एक जुनं तिकीट पडलं, पान काही पडलं नाही. मग वाचनालयाच्या हॉलमध्ये, "शांतता राखा" या पाटीच्या बरोब्बर खाली उभं राहून तिनं अशी काही हाक मारली की छपरावरची कबुतरं उडाली ती पलीकडच्या गल्लीत जाऊन बसली.

"सूनबाई! माझा खुनी पळाला गं!"

टीसीआजीनं उभा जन्म रेल्वेत तिकिटं तपासण्यात घालवला होता. तिच्या डब्यात म्हणे बिनतिकिटाची माशीसुद्धा बसत नसे. लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात नवऱ्याचं तिकीट हरवलं, तर तिनं त्याला दंड केला, पावती हातात ठेवली आणि मगच जेवणाचा डबा उघडला. आता गुडघे गेले होते, पायरी चढायची तरी ती आधी पायरीकडे रागानं बघायची. पण नजर तीच होती. आणि रहस्यकथांचं वेड तर असं, की घरी आलेलं पुस्तक तिनं वाचलं की त्यातला खुनी कोण हे शेजारच्या इमारतीला कळायचं.

तिची सून याच वाचनालयात ग्रंथपाल होती, कंत्राटावर. मुलाचा छापखाना बुडाल्यापासून घर सुनेच्या पगारावर उभं होतं.

"आई, हळू," सून धावत आली. "तुमच्याही पुस्तकात नाही का?"

"माझ्याही म्हणजे? आणखी कुणाचं गेलंय?"

हॉलमधल्या सगळ्या माना वर झाल्या. खिडकीपाशी निवृत्त जजसाहेब, पलीकडे दोन शिक्षिका, कोपऱ्यात औषधांच्या दुकानातला माणूस. सगळ्यांचं एकच दुखणं. गेले कित्येक दिवस रहस्यकथांची शेवटची पानं गायब होत होती. फक्त रहस्यकथांची. स्वयंपाकाची पुस्तकं जशीच्या तशी, थोरामोठ्यांची चरित्रं जशीच्या तशी, खुनी मात्र एकजात फरार. पूर्वी लोक यायचे, पुस्तक काखेत मारायचे आणि चालते व्हायचे. आता सगळे हॉलमध्ये ठाण मांडून बसत आणि खून कुणी केला असेल यावर घसा फोडून भांडत.

एवढ्यात दारातून कात्रीसाहेब आत आला.

पालिकेच्या हिशेबखात्यातला हा उंच, किडकिडीत माणूस. बागेत गेला तर कारंजं बंद झालं, दवाखान्यात गेला तर रात्रीची नर्स गेली. म्हणून गावानं त्याला हे नाव ठेवलं होतं. सध्या त्याचा डोळा वाचनालयावर होता. पुस्तकं काचेच्या एका कपाटात भरायची, कपाट करभरणा कार्यालयाच्या जिन्याखाली ठेवायचं, ज्याला हवं त्यानं आपल्या हातानं घ्यावं. हॉल करखात्याला द्यायचा. मग ग्रंथपाल कशाला हवी?

आज त्याच्या हातात एक जाडजूड निळं पुस्तक होतं. दीपगृहातल्या खुनाचं.

"बाई, हा काय प्रकार आहे?" त्यानं ते टेबलावर आपटलं. "तीन रात्री जागून वाचलं मी. शेवट नाही!"

"तुम्ही रहस्यकथा वाचता?" जजसाहेबांनी विचारलं.

"तपासणीसाठी वाचतो!" कात्रीसाहेबाचे कान लाल झाले. "उद्या दुपारी समिती इथेच बसणार आहे. तोपर्यंत चोर सापडला तर ठीक. नाहीतर मी लिहून देणार की इथे मालमत्ता सुरक्षित नाही. मग कपाट."

सुनेचा चेहरा पांढरा पडला. टीसीआजीनं तो पाहिला आणि तिच्या अंगात टीसीचा जुना काळा कोट संचारला.

"उद्या दुपारी चोर तुमच्यासमोर उभा करते," ती म्हणाली.

"आई, तुम्ही यात पडू नका हो," सून कुजबुजली.

"पडत नाही, बसते." आजीनं निळं पुस्तक ओढून घेतलं आणि मागून उघडलं.

तिनं चष्मा परत पुसला. शेवटचं पान जागच्या जागी होतं.

२

कात्रीसाहेब खोटं बोलत नव्हता, हे आजीला लगेच कळलं. हे पुस्तक तिनं वाचलेलं होतं.

दीपगृहाचं पुस्तक जुनं, शिवण सुटलेलं. पालिकेनं बांधणीचे पैसे तोडले त्याआधीच्या शेवटच्या गठ्ठ्यात ते बाइंडरकडे गेलं होतं. बांधून आल्या आल्या सुनेनं ते आजीसाठी घरी आणलं. आजी निम्म्यावर पोचते तो काय, मधेच इन्स्पेक्टर सगळ्यांना गोळा करून खुनी सांगायला लागला! बाइंडरनं शेवटची सोळा पानांची घडी उचलून पुस्तकाच्या मधोमध शिवली होती. त्यामुळे गोष्टीचा शेवट पोटात, आणि पुस्तकाच्या मागच्या टोकाला दीपगृहाचा माळी आपला निवांत चहा पीत बसलेला.

आजीनं ही चूक कुणालाच सांगितली नाही, सुनेलाही नाही. बाइंडरच्या पोटावर आधीच पाय आला होता.

तिनं आता पुस्तक मधोमध उघडलं. जिथे इन्स्पेक्टर बोट रोखतो, तिथलं पान नव्हतं. शिवणीलगत कागदाची एक बारीक, केसाळ कड तेवढी उरली होती. ब्लेडनं कापलं असतं तर कड सुरीसारखी सरळ आली असती.

ती तडक बाइंडरच्या दुकानात गेली. तडक म्हणजे, गुडघ्यांना विचारत विचारत.

बाइंडर खळीचं भांडं ढवळत बसला होता. "या आजी. पालिकेनं पाठवलं का? सांगा त्यांना, बाइंडर मेला."

"मेलास तर चहा कोण देणार? हे बघ आधी."

त्यानं कडेवरून अंगठा फिरवला. "ओला दोरा. दोरा भिजवून शिवणीला लावायचा, पुस्तक मिटून वर वजन ठेवायचं. कागद भिजतो, पान अलगद सुटतं. मी वाचनालयाच्या ओसरीत बसून असंच काढायचो. निम्मं गाव बघत उभं असायचं."

"म्हणजे कुणीही करू शकेल."

"कुणीही नाही हो. चोराला एवढा धीर कुठला? ज्याला पान फुकट घालवायचं असतं तो टराटरा फाडतो. हे ज्यानं केलंय त्याला पान परत लावायचंय."

आजीनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. तिकीट नसलेल्या माणसाला ती कधी तिकीट मागायची नाही, भलतंच काहीतरी विचारायची. "या गोष्टीत खून कुणी केला रे?"

"मला काय ठाऊक? मी पुस्तकांच्या पाठी बघतो, पोटात नाही शिरत."

"शिरला असतास तर बरं झालं असतं. शेवटची घडी मधे शिवली आहेस तू."

बाइंडरच्या हातातली काडी खळीत बुडाली. त्यानं पुस्तक हिसकावून घेतलं, पानं मोजली, परत मोजली. त्याचा चेहरा शाळेत छडी खाल्लेल्या मुलासारखा झाला.

"माझ्या हातून? आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"बोलले असते तर तुझं राहिलेलं कामही गेलं असतं."

त्यानं तोंड फिरवून डोळे पुसले, वर खळीचा वास झोंबतो म्हणून सांगितलं. इतकं खरं कुणाला वठवता येत नाही. हा माणूस सुटला.

"पण आजी," तो मागून म्हणाला, "नुसतं चाळून ही चूक कळायची नाही. बांधणाऱ्याला कळली नाही! ज्यानं नेमकं हे पान काढलं त्यानं हे पुस्तक, म्हणजे हेच, अथपासून इतिपर्यंत वाचलेलं असणार. बांधून आल्यावर ते कुणाकुणाकडे गेलं?"

आजी उंबऱ्यातच थांबली. पुस्तकाला चिकटवलेल्या नोंदीच्या चिठ्ठीवरची नावं तिला आठवली. पहिल्यांदा तिच्याकडे. मग जजसाहेब. मग कात्रीसाहेब.

बस्स. आणखी कुणीच नाही.

३

जजसाहेब वाचनालयाच्या खिडकीपाशी, आपल्या ठरलेल्या खुर्चीत होते. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं तर ते नुसते खाकरत, आणि माणूस उठून जाई.

"जजसाहेब, दीपगृहाचं पुस्तक कसं वाटलं?"

"भिकार!"

"का बरं?"

"मी निकाल आधी वाचतो. उभ्या आयुष्याची सवय. शेवटचं पान उघडलं, तर माळी चहा पितोय. ना पश्चात्ताप, ना अटक. लेखकाला लाज नाही. तसंच परत केलं मी."

"पण खुनी कोण?"

"माळी. उघड आहे." आणि त्यांनी माळ्यावर आरोपपत्र ठेवलं. माळ्याच्या हातात कप होता, म्हणजे हात थरथरत नव्हते, म्हणजे तो निर्ढावलेला होता. औषधाच्या दुकानातल्या माणसानं मधे तोंड घालायचा प्रयत्न केला, तर त्याला कोर्टाचा अवमान सुनावला.

आजी गालात हसली. बिचारा माळी गोष्टीत कुणाच्या अध्यातमध्यात नव्हता. आणि जजसाहेब जीव गेला तरी चारचौघांत चुकीचा निकाल मुद्दाम देणाऱ्यांतले नव्हते. शेवट मधे आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. सुटले.

उरला कात्रीसाहेब. आजीला तर हाच चोर हवा होता. वाचनालयाची बदनामी झाली तर फायदा त्याचाच.

तो मागच्या बाजूला टेप लावून भिंत मोजत होता.

"साहेब, ते पुस्तक माझं वाचून झालंय. खुनी सांगू?"

टेप सर्रकन गुंडाळली गेली. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "सांगा ना हो! तीन रात्री डोळ्याला डोळा नाही."

"डॉक्टर," आजी धडधडीत खोटं बोलली.

त्यानं कपाळावर हात मारला. "वाटलंच होतं मला! ती बॅग! ती काळी बॅग!" आणि तो इतका खूश झाला की भिंतीचं माप लिहायचंच विसरला.

आजीनं त्याला पुरतं न्याहाळलं. पान ज्याच्याजवळ असेल तो डॉक्टरवर असा नाचणार नाही. डॉक्टर तर गोष्टीत दुसरा मेलेला माणूस होता, आणि तेसुद्धा त्या हरवलेल्या पानावरच उघड होतं.

हाही सुटला!

आजी बाकावर बसली. तिघांनी वाचलं. दोघं सुटले. उरली ती एकटी. अख्ख्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं, सगळा डबा तपासून झाला आणि बिनतिकिटाचा प्रवासी म्हणून आपलंच नाव निघालं.

मग तिला आठवलं.

ते पुस्तक वाचून झालं आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवर पट्टी. पुस्तक घरातच पडून होतं, तिच्या उशाशी. आणि रोज संध्याकाळी, ती तशी आंधळ्यासारखी पडलेली असताना, स्वयंपाकघरातून पानं उलटल्याचा आवाज यायचा. तिला वाटायचं, सून वाचनालयाचं काम घरी आणते.

मुलानं तर मोबाइलपलीकडे कधी काही वाचलं नव्हतं. औषधाच्या बाटलीवरची सूचनासुद्धा तो बायकोला वाचायला लावायचा.

आजीनं डोळे मिटले, परत उघडले. समोर टेबलापाशी सून एका लहान मुलीला चित्रांचं पुस्तक काढून देत होती. आणि त्याच क्षणी कात्रीसाहेबानं घंटी वाजवली.

"सगळे बाहेर! उद्याच्या बैठकीपर्यंत हॉलला कुलूप. किल्ली माझ्याजवळ राहील."

सुनेच्या हातातून पुस्तक खाली पडलं.

४

सून कांदा चिरत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते कांद्याचं नाही हे आजीला दारातूनच दिसलं.

"माझा लेक कुठाय?"

"खाली गेलेत, मोबाइल दुरुस्त करायला."

"बरं झालं." आजी स्टूल ओढून बसली. "दीपगृहात खून कुणी केला गं?"

"मला काय माहीत आई? मी कुठे रहस्यकथा वाचते? मला नाही आवडत, तुम्हाला ठाऊक आहे."

"माळ्यानं केला."

"हॅ! माळ्यानं कसा—" सुरी थांबली. कांद्याची चकती घरंगळत ओट्याच्या कडेपर्यंत गेली.

आजीनं हात लांबवून ठिबकणारा नळ घट्ट बंद केला.

"इतकी वर्षं," आजी म्हणाली, "माझ्या घरात राहून मला सांगितलंस की आवडत नाही."

"सांगितलं असतं तर तुम्ही वाचू दिलं असतं का? लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी एक पुस्तक हातात घेतलं होतं. तुम्ही मागून आलात आणि म्हणालात, सावत्र भाऊ आहे बरं का खुनी. तेव्हापासून चोरून वाचते."

आजीनं घरंगळलेली चकती उचलून परत सुनेपुढे ठेवली. हे कलम तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"आणि पानं?"

सून खालीच बसली, ओट्याला टेकून. "पहिलं पान मी नाही काढलं. आपसूकच निघालं, खळ सुटून. एक शिक्षिका शेवट विचारायला परत आली. जजसाहेबांनी आपला शेवट सांगितला, दुसऱ्यानं त्याचा. दोन तास भांडले, आई! कात्रीसाहेब तिथेच होते. पहिल्यांदाच त्यांनी लिहून घेतलं की हॉलमध्ये माणसं बसतात. मला वाटलं, आणखी एक पान. मग आणखी एक. कपाटात नुसती पुस्तकं राहतात हो. हे लोक कुठे जाणार?"

"चोरी ती चोरी."

"एकही पान खराब नाही केलं. सगळी परत लावणार होते, बैठक झाली की."

"आहेत कुठे ती?"

"पालिकेच्या अंदाजपत्रकांच्या खंडांत. अगदी वरच्या फळीवर. ते खंड आजवर कुणी उघडलेले नाहीत. पालिकेनंही नाही."

आजीला हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच विरलं. ज्या बाईनं स्वतःच्या नवऱ्याला सोडलं नव्हतं, तिच्यासमोर चोर बसला होता. उद्या चोर दिला नाही तर वाचनालय जाणार. दिला तर सुनेची नोकरी जाणार, अब्रू जाणार, वर वाचनालयही जाणार. ग्रंथपालच पानं काढते म्हटल्यावर कोण ठेवील?

"सकाळी लवकर जा आणि काढून आण."

"किल्ली त्यांच्याकडे आहे." सून उठून उभी राहिली. "मी सांगून टाकते आई. उद्या उभी राहते आणि सांगते."

"तू कांदा चीर," आजी म्हणाली. "आणि उद्या मी बोलेपर्यंत तोंड उघडायचं नाही. सासू सांगतेय असं समज."

"नाहीतर कोण सांगतंय?"

आजी चष्मा पुसत उठली. काय करायचं ते तिलाही अजून ठाऊक नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल असा भरला की खिडक्यांतही माणसं लटकली होती. टीसीआजी चोर पकडून देणार ही बातमी गावभर झाली होती. जजसाहेब घरून गादी घेऊन आले होते. बाइंडर कुणाच्या तरी खांद्यावरून बघत होता.

मधल्या टेबलाशी समिती. अध्यक्षबाईंचा घसा बसलेला होता, पण त्या बसक्या आवाजालाही सगळे दचकत.

"एवढी माणसं?" त्या कात्रीसाहेबाला म्हणाल्या. "तुम्ही तर आधीच्या अहवालात लिहिलंत की इथे कुणी थांबत नाही."

"मॅडम, आज तमाशा बघायला आलेत."

"काल नव्हतो का आम्ही?" औषधवाला ओरडला. "परवाही होतो!"

"गप्प!" अध्यक्षबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी आपण या वाचनालयासाठी काय कबूल केलं होतं? अंदाजपत्रकाचा खंड इथेच असतो ना? काढा."

टीसीआजी खुर्चीत पुढे सरकली. सुनेनं तिच्याकडे पाहिलं. आजीनं मान हलवली नाही, काय म्हणून हलवणार? सून शिडी चढली. तिनं खंड अंगाशी घट्ट धरून खाली आणला आणि टेबलावर ठेवला.

खंड उघडला. पानंच पानं. टेबलावर, अध्यक्षबाईंच्या मांडीत, जमिनीवर.

कात्रीसाहेबानं वाकून एक पान उचललं. दीपगृहाचं. सगळं विसरून त्यानं ते उभ्या उभ्या वाचलं आणि किंचाळला, "डॉक्टर नाहीच! आजी, तुम्ही मला फसवलंत!"

"ते मागाहून," अध्यक्षबाई म्हणाल्या. "ही पानं इथे कुणी ठेवली? ग्रंथपालबाई?"

सुनेनं तोंड उघडलं.

"मी सांगते," टीसीआजी खुर्ची धरून उठली. "चोर देते म्हणाले होते ना? ऐका. साहेबांच्या हातातलं पान पुस्तकाच्या शेवटी नव्हतंच. बांधताना ते मधे गेलं होतं. चोरानं मागचं पान सोडलं आणि मधलं नेमकं काढलं. म्हणजे चोरानं हेच पुस्तक पुरतं वाचलेलं होतं. बांधून आल्यावर ते तिघांकडे गेलं. जजसाहेब अजून माळ्याला फाशी द्यायला निघालेत, म्हणजे त्यांना शेवट माहीत नाही. कात्रीसाहेब काल डॉक्टरवर नाचले, म्हणजे त्यांनाही नाही. तिसरी मी. शेवट मला ठाऊक आहे. ओला दोरा कसा लावतात तेही मी ओसरीत बसून पाहिलंय."

इथवर एकही शब्द खोटा नव्हता. आजीला वाटलं, कदाचित एवढ्यावरच भागेल.

पण अध्यक्षबाई मुरलेल्या होत्या. "हे सगळं ठीक. पानं तुम्ही काढलीत का? हो की नाही?"

आजीनं आयुष्यात हजारोंना हाच प्रश्न विचारला होता.

"हो," ती म्हणाली.

"कशासाठी?"

"माणसं बसावीत म्हणून. बघा, बसलीत."

कात्रीसाहेबानं मान वर केली. त्यानं वरच्या फळीकडे पाहिलं. शिडीकडे पाहिलं. मग आजीच्या गुडघ्यांकडे. आणि मग अगदी सावकाश, सुनेकडे.

"आजी," तो म्हणाला, "तुम्ही त्या शिडीवर कशा चढलात?"

आजीनं शिडीच्या पायऱ्या मोजल्या. सुनेची खुर्ची करकरली.

"शिडी मी धरली होती," खिडकीपाशी ठेवलेल्या खुर्चीतून आवाज आला.

जजसाहेब. ज्यांना स्वतःला खुर्चीतून उठायला दोन माणसं लागायची. ते खाकरले आणि त्यांनी हॉलभर अशी नजर फिरवली, की आणखी काही विचारायची कुणाची छाती झाली नाही.

कात्रीसाहेबानं हातातलं पान नीट घडी न पाडता अंदाजपत्रकाच्या खंडात ठेवलं. पेनचं टोपण लावलं. "मॅडम, शिडी हा माझ्या अहवालाचा विषय नाही," तो म्हणाला. "पण एक दुरुस्ती हवी. मी कपाट सुचवलं होतं. कपाटाशी भांडता येत नाही. काल मी स्वतः इथे येऊन भांडलोय."

अध्यक्षबाईंनी गर्दीकडे पाहिलं. समितीतल्या दोघांच्या कानाशी लागल्या.

"हे वर्षभर वाचनालय चालू राहील," त्या म्हणाल्या. "ग्रंथपालही. नवीन पुस्तकांना पैसे नाहीत, मागू नका. बाइंडरला बोलवा, सगळी पानं जागेवर लावून घ्या. पुढच्या वर्षी परत बघू." खिडक्यांतून आरोळ्या उठल्या. त्यांनी हात वर केला. "आणि आजी. पालिकेच्या पुस्तकांना हात लावलात तुम्ही. तुमचं सभासदत्व रद्द. कायमचं. या हॉलमध्ये परत पाऊल ठेवायचं नाही. ग्रंथपालबाई, कार्डावर शिक्का मारा. आत्ता, माझ्यासमोर."

आरोळ्या थांबल्या.

"मॅडम, मला काही सांगायचं—" सून उभी राहिली.

"बस खाली," आजी म्हणाली. "ड्यूटीवर आहेस तू."

तिनं पिशवीतून कार्ड काढलं. कोपरे झिजलेलं, मधे चिकटपट्टी लावलेलं. टेबलापर्यंत ती एकटी चालत गेली, कुणाचा हात घेतला नाही. कार्ड सुनेपुढे ठेवलं.

सुनेनं शिक्का शाईत बुडवला. तिला नीट दिसत नव्हतं. शिक्का कार्डावर टेकला न टेकला आणि उचलला गेला.

आजीनं कार्ड उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. अक्षरं पुसट, निम्मीच उठली होती.

"हे चालायचं नाही," ती म्हणाली आणि कार्ड परत टेबलावर ठेवलं. "जोर लाव. परत मार."

सुनेनं परत मारला.